बंबावर, ॲम्ब्युलन्सवर, बंदोबस्तावर असणाऱ्यांसाठी ऑनलाइन सीबीटी: सुरुवात कशी करायची

१०८ वरचे डॉक्टर आणि पायलट (म्हणजे ॲम्ब्युलन्सचे चालक), अग्निशमन दलाचे जवान, ठाण्यातले अंमलदार, तळेगावजवळ सुदुंबऱ्याला तळ असलेले एनडीआरएफचे जवान, आणि एक रुपया न घेता दोर खांद्यावर टाकून दरीत उतरणारी ट्रेकर मंडळी. अपघात, आग, दरड, पूर, काहीही झालं तरी सगळ्यांत आधी हीच माणसं पोचतात. त्यांनी पाहिलेलं ऐकायला घरात कोणी धजावत नाही आणि ती आपणहून सांगतही नाहीत. अशा लोकांबरोबर मी सीबीटीचं काम करतो, त्यातलं बरंचसं मोबाइलच्या पडद्यावर. नव्याने सुरुवात करणाऱ्याला काय काय करावं लागतं, ते क्रमाने सांगतो.

आधी सीबीटी म्हणजे काय ते. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी ही उपचारपद्धती १९६० च्या दशकात अमेरिकेत ॲरन बेक यांनी उभी केली. त्याच्या थोडं आधी अल्बर्ट एलिस यांनी तिच्या जवळची विवेकनिष्ठ पद्धत मांडली होती. ती आपल्याकडे कि. मो. फडके यांच्यामुळे आणि पुढे डॉ. आनंद नाडकर्णी व ठाण्याच्या आयपीएच संस्थेमुळे पोचली. म्हणून ‘विचार बदला, भावना बदलेल’ हे तुमच्या कानांवर कधीतरी पडलं असेल. ते अर्धंच आहे. विचार, भावना, शरीर आणि वागणं ही चारही एकमेकांना धरून चालतात. भावनेला थेट हात घालता येत नाही. विचारांना आणि वागण्याला घालता येतो. सीबीटीत काम होतं ते या दोन टोकांवर, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त दोन सेशनच्या मधल्या आठवड्यात, तुमचं तुम्ही करायचं असतं.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण ती न कळल्यामुळे कितीतरी जण दुसऱ्या सेशनला येत नाहीत. ‘तुमचे विचार चुकीचे आहेत, ते दुरुस्त करू’ असं ऐकलं की जवानाच्या मनात पहिलं येतं ते ‘मी डोळ्यांनी बघितलंय.’ ते रास्तच आहे. सिलिंडर फुटतो, भिंत कोसळते, मूल हातात दगावतं. हे धोके कल्पनेतले नाहीत आणि चांगला थेरपिस्ट तसं म्हणणारही नाही. तपासायचं असतं ते त्या घटनेतून तुम्ही स्वतःबद्दल काढलेलं अनुमान: ‘माझ्यामुळे झालं’, ‘मी या कामाच्या लायकीचा नाही’, ‘आता कुठेच सुरक्षित नाही’.

पहिलं पाऊल: आपल्याला गरज आहे का, ते बघणं

वाईट वर्दीनंतर, म्हणजे मदतीच्या वाईट कॉलनंतर, पहिले काही दिवस झोप उडणं, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसणं, चिडचिड होणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. या दिवसांत सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘कोणी काय पाहिलं ते बोला’ असं एकदाच सत्र घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) टाळण्यासाठी अशी सत्रं घेऊ नयेत असं सांगितलं आहे. त्यापेक्षा जेवण, झोप, सोबत्यांची साथ आणि लक्ष ठेवणं हे पुरे.

महिना उलटूनही प्रसंग डोळ्यांपुढून जात नसेल, ठरावीक रस्ता किंवा वास टाळावासा वाटत असेल, घरच्यांशी बोलणं तुटलं असेल, तर मात्र पुढे जायचं. दोन प्रश्नावल्या मोफत मिळतात. पीएचक्यू-९ मध्ये गेल्या दोन आठवड्यांतल्या उदासीबद्दल ९ प्रश्न असतात. १० किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञाला दाखवावं. पीसीएल-५ मध्ये आघाताबद्दल २० प्रश्न असतात; ३१ ते ३३ च्या पुढे गेलात तर पीटीएसडीची नीट तपासणी हवी. यातून निदान होत नाही. पण सुरुवातीचा आकडा लिहून ठेवला की दोन महिन्यांनी फरक पडला का, हे अंदाजाने बोलावं लागत नाही.

‘मला तर काही झालं नाही, मी फक्त बॉडी काढल्या’ असं म्हणून जे मागे राहतात त्यांच्यासाठी: अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची डीएसएम-५ ही निदानपुस्तिका २०१३ मध्ये आली. त्यात पीटीएसडीला कारण ठरणाऱ्या अनुभवांत मृतांचे अवशेष गोळा करणाऱ्या बचावकर्मींचं उदाहरण स्पष्टपणे दिलं आहे. कॅनडात पोलीस, अग्निशमन, ॲम्ब्युलन्स अशा सेवांतल्या लोकांची मोठी पाहणी झाली, तेव्हा चाचणीत ४४.५ टक्के लोकांमध्ये कुठल्या ना कुठल्या मानसिक आजाराची लक्षणं आढळली. तुम्ही एकटे नाही, आणि कच्चेही नाही.

जीव नकोसा वाटत असेल, त्याचे विचार मनात घोळत असतील, तर महिना मोजत बसू नका, ऑनलाइन सेशनच्या तारखेचीही वाट पाहू नका. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जवळच्या सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभागही गाठता येतो. ज्यांच्याकडे सर्व्हिस रिव्हॉल्व्हर असतं त्यांनी त्या दिवसांत ते विश्वासातल्या सहकाऱ्यामार्फत जमा करावं. हे सांगायला अवघड जातं, मला माहीत आहे. तरीही करा.

ऑनलाइन म्हणजे नेमकं काय

तीन प्रकार आहेत. पहिला, व्हिडिओ कॉलवर थेरपिस्ट, ४५ ते ५० मिनिटं, साधारण आठवड्यातून एकदा. दुसरा, धड्यांचा कोर्स: तुम्ही आपल्या सोयीने धडे वाचता, गृहपाठ करता आणि एक थेरपिस्ट मेसेजवर किंवा फोनवर पाठीशी असतो. तिसरा, नुसतं ॲप, माणूस कोणीच नाही.

दुसऱ्या प्रकारात बाहेरच्या देशांत मोठं काम झालं आहे. कॅनडात रेजायना विद्यापीठाचा पीएसपीनेट हा कार्यक्रम खास अशा सेवांतल्या लोकांसाठी आहे. ब्रिटनमध्ये रॅपिड नावाची चाचणी झाली, २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. १९६ जणांच्या त्या चाचणीत थेरपिस्टच्या आधाराने केलेला इंटरनेट कोर्स समोरासमोरच्या सीबीटीपेक्षा कमी पडला नाही, आणि थेरपिस्टचा वेळ खूपच कमी लागला. मात्र त्यातले लोक सौम्य ते मध्यम पीटीएसडीचे होते आणि त्यांचा आघात एकाच घटनेचा होता. दहा-पंधरा वर्षं रोज नवी केस पाहणाऱ्याला हा निकाल जशाचा तसा लावता येत नाही. म्हणून माझं मत: मराठीत सुरुवात करणाऱ्याने व्हिडिओ कॉलवरचा माणूसच धरावा. झोपेची नोंद, श्वसनाचा सराव यासाठी ॲप जरूर वापरावं. पण एकट्या ॲपवर सुरुवात केलेले बरेच जण अर्ध्यावर सोडतात.

माणूस निवडणं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मानसोपचार या विषयात एमडी किंवा तत्सम शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका, तो द्यावाच लागतो. समुपदेशक म्हणवून घ्यायला मात्र अशी सक्ती नाही, त्यामुळे तिथे शिक्षण आणि अनुभव विचारून घ्यावा लागतो.

पहिल्या फोनवर चार गोष्टी विचारा. आघातावरची सीबीटी शिकला आहात का? आमच्यासारख्या ड्युटीच्या लोकांबरोबर काम केलंय का? शिफ्ट बदलली तर सेशनची वेळ बदलेल का? गृहपाठ देता का? शेवटच्याचं उत्तर ‘नाही, आपण बोलत राहू’ असं आलं, तर ते मोकळं बोलणं असेल, उपयोगीही असेल, पण सीबीटी नव्हे. साधारण ८ ते १२ सेशन लागतात; अनेक घटनांचा ढीग साचला असेल तर जास्त. फी आधीच ठरवा. परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातून सुरुवात करा. टेलि-मानसवरूनही पुढे कुठे जायचं ते सांगतात.

‘साहेबांना कळलं तर?’

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, कोणी पहिल्या मिनिटाला, कोणी पाचव्या सेशनला. भीती खरी असते: बंदोबस्तातून काढतील, शस्त्र घेतील, बढती अडेल, बॅरकमध्ये नाव पडेल.

मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार तुमच्या उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे. अपवाद मोजके आहेत, त्यात कोणाच्या जिवाला धोका असेल तर तो टाळणं हा महत्त्वाचा. तुम्ही स्वतःहून, स्वतःच्या पैशाने थेरपी घेतली तर थेरपिस्ट तुमच्या खात्याला फोन करत नाही. पण खात्याने पाठवलेली मेडिकल तपासणी वेगळी; तिचा अहवाल खात्याकडे जातो. खात्याने समुपदेशक नेमला असेल तर पहिल्याच भेटीत विचारा: नोंदी कोण बघतं? उत्तर स्पष्ट येईपर्यंत हातचं राखून बोललात तरी चालेल.

खात्याचा फोन, ईमेल, वायफाय वापरू नका. आणि बोलताना पेशंटचं किंवा मृताचं नाव, गाव सांगू नका. थेरपीला त्याची गरज नसते.

जागा, वेळ आणि एक जास्तीचा फोन नंबर

पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांच्या घरात पाऊण तास एकांत मिळवणं हे खरं आव्हान आहे. हेडफोन लावा, दारामागे पंखा चालू ठेवा म्हणजे आवाज बाहेर जात नाही. काही जण उभ्या गाडीत बसून बोलतात; चालेल, पण गाडी बंद असावी आणि तुम्ही चालकाच्या सीटवर नसावं. कोणी अचानक आलं तर वापरायचा शब्द ठरवून ठेवा. माझ्याकडचे एक जवान ‘बरं, उद्या बिल भरतो’ असं म्हणतात. मी लगेच विषय बदलतो.

रात्रपाळी उतरल्या उतरल्या सेशन ठेवू नका, मेंदू तेव्हा साथ देत नाही. ड्युटीवर चढण्याआधीच्या तासाभरातही नको. जे वर आलंय ते घेऊन तुम्ही सायरन वाजवत निघणार. सेशननंतर तासभर रिकामा हवा.

थेरपिस्टने पहिल्याच दिवशी तुमचा सध्याचा पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर घेतला पाहिजे. इथे तुमच्या बाबतीत एक वेगळीच अडचण येते. एरवी संकटात १०८ किंवा ११२ ला कळवतात. तुमच्यासाठी येणारी गाडी तुमच्याच सोबत्यांची असू शकते, आणि नेमक्या त्याच भीतीने माणसं खरं सांगत नाहीत. तेव्हा गरज पडली तर आधी कोणाला बोलवायचं हे आधीच ठरवा: बायको, भाऊ, दुसऱ्या शहरातला मित्र, कोणीही, पण नाव आणि नंबर लिहून.

पहिले काही आठवडे: कागदावरचं काम

पहिल्या दोन सेशनमध्ये थेरपिस्ट माहिती घेतो आणि तुमचं विचार-भावना-शरीर-वागणं हे चक्र कागदावर मांडतो. त्यानंतर विचारनोंद सुरू होते. दोन-तीन जणांचे अनुभव एकत्र करून एक नमुना देतो, म्हणजे कोणाची ओळख पटणार नाही.

१०८ चा पायलट. महामार्गावरचा दुचाकीचा अपघात, पेशंट रुग्णालयात पोचायच्या आधी गेला. वाटेत रेल्वे फाटक लागलं होतं. त्याने वहीत लिहिलं:

प्रसंग: रात्री जेवताना टीव्हीवर सायरन ऐकू आला.
विचार: मी बायपास धरला असता तर तो वाचला असता. विश्वास ९० टक्के.
भावना: अपराधीपणा ९५, राग ६०. छातीत दडपण.
काय केलं: ताट सरकवलं, गच्चीवर गेलो, बाटली काढली.

आता थेरपिस्टने ‘तुझी काही चूक नाही’ असं म्हटलं तर हा माणूस ऐकणार नाही, आणि त्याने का ऐकावं? ते त्याला सोबत्यांनी शंभरदा सांगितलंय. त्याऐवजी प्रश्न असे येतात. निघालास तेव्हा फाटक बंद आहे हे तुला माहीत होतं का? त्या वेळी बायपासबद्दल काय माहिती होती? गाडीत मागे डॉक्टरांनी सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं) कधी सुरू केला, फाटकाआधी की नंतर? शेवटचा प्रश्न ऐकून तो बराच वेळ गप्प राहतो. कारण उत्तर आहे, फाटकाआधी. म्हणजे हृदय तेव्हाच थांबलं होतं. क्रम त्याला पहिल्यापासून माहीत होता. फक्त आठवणीत फाटकच एवढं मोठं झालं होतं की बाकीचं त्यामागे गेलं.

मग नवा विचार तो स्वतःच्या शब्दांत लिहितो: ‘फाटकाला वेळ गेला हे खरं. निघताना मला जे माहीत होतं त्यावरून तो रस्ता बरोबर होता. सीपीआर फाटकाआधीच सुरू झाला होता.’ जुन्या विचारावरचा विश्वास ९० वरून ५०. शून्य नाही, आणि शून्य करायचाही नसतो. अपराधीपणा उतरला की त्याखाली बहुतेक वेळा दुःख सापडतं. ते दुःख खरं असतं, त्याला वाट करून द्यायची असते.

हीच गोष्ट मोठ्या दुर्घटनांत वेगळ्या रूपात येते. इर्शाळवाडीला जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली तेव्हा रस्ता नसल्याने मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत. लोक पायी चढले, हातांनी उपसलं, आणि काही दिवसांनी माणसं ढिगाऱ्याखाली असतानाच शोध थांबवावा लागला. ‘आम्ही त्यांना सोडून आलो’ हे वाक्य अशा ठिकाणाहून परतलेला माणूस घेऊन येतो. त्यावर नुसती पुरावे-तपासणी पुरत नाही. निर्णय कोणाचा होता, का होता, आणि तुमच्या हातात त्यातलं किती होतं, असं वेगळं करत जावं लागतं. घाई केली तर ते वरवरचं सांत्वन ठरतं.

टाळलेल्या गोष्टींकडे परत जाणं

टाळल्याने त्या क्षणी बरं वाटतं आणि भीती वाढते. म्हणून एक शिडी बनवतात. सिलिंडर स्फोटाच्या वर्दीनंतर घरच्या स्वयंपाकघरात पाऊल न टाकणाऱ्या जवानाची शिडी अशी असू शकते: रिकाम्या सिलिंडरचा फोटो बघणं, १०० पैकी २० गुण भीती. बंद गॅसजवळ पाच मिनिटं उभं राहणं, ३५. लायटरचा आवाज ऐकणं, ५०. बायको चहा करत असताना दारात थांबणं, ६०. स्वतः चहा करणं, ८०. एका पायरीवर भीती उतरेपर्यंत किंवा ‘भीती असतानाही मी इथे थांबू शकतो’ हे अंगात भिनेपर्यंत थांबायचं, मगच पुढची.

रोजच्या सवयींची शिडी तुमची तुम्ही चढू शकता. पण त्या घटनेचीच आठवण पुन्हा पुन्हा सविस्तर सांगण्याचा भाग थेरपिस्टशिवाय करू नका. त्या वेळी सुन्नपणा येत असेल, आपण कुठे आहोत हेच हरवत असेल, तर ऑनलाइन काम थांबवून समोरासमोर भेटणं योग्य.

झोप आणि बसणं

निद्रानाशावरच्या सीबीटीत बिछान्यातला वेळ मुद्दाम कमी करण्याचा एक भाग असतो. गाडी चालवणाऱ्यांनी, उंचीवर चढणाऱ्यांनी तो स्वतःहून करू नये. सुरुवातीला दिवसाची झोप वाढते आणि त्यात अपघात होऊ शकतो. बाकीचं करता येतं: बिछाना फक्त झोपेसाठी, वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसणं, रात्रपाळीहून येताना गॉगल, घरात जाड पडदा.

ड्युटी संपली की बसायचं, हे अनेक ठिकाणी सोबत्यांमधलं एकमेव मोकळं बोलणं असतं. म्हणून ते सोडायला सांगितलं की माणूस दारूसोबत आपली माणसंही गमावतो असं त्याला वाटतं. किती पिता ते थेरपिस्टला खरं सांगा. सकाळी हात थरथरत असतील तर अचानक बंद करू नका, आधी डॉक्टरांकडे जा. एकदम थांबवण्यात जिवाला धोका असतो.

चालतंय की नाही

चौथ्या-पाचव्या सेशनला प्रश्नावली पुन्हा भरा. पीसीएल-५ मध्ये १० च्या आसपास गुण उतरले असतील तर फरक खरा आहे. काहीच हललं नसेल तर थेरपिस्टशी स्पष्ट बोला: पद्धत बदलायची, औषधाची जोड हवी का, की माणूसच बदलायचा. थेरपिस्ट बदलणं हा अपमान नसतो, आणि समजूतदार थेरपिस्ट तो मानतही नाही. औषधं चालू असतील तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

शेवटच्या दोन सेशनमध्ये पुढची योजना लिहितात: कुठली लक्षणं दिसली की सावध व्हायचं, तेव्हा कुठला सराव काढायचा, कोणाला फोन करायचा. त्यात तुमचे अवघड दिवस लिहा. माळीण, तळिये, इर्शाळवाडी या तिन्ही दरडी जुलैमधल्या. दरडींवर काम केलेल्यांचा पहिल्या मोठ्या पावसाच्या आवाजाने जीव घाबरा होतो. ज्यांचं असं आहे, त्यांनी बरं वाटत असलं तरी जूनच्या पहिल्या आठवड्यातलं एक सेशन आताच ठरवून ठेवावं आणि ते वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसकट लिहावं.